जित्याची खोड

माथेरानला बाजाराच्या तोंडाशी मी घोडीवरून उतरले. पाय जमिनीला टेकल्यावर जरा हुश्श झालं, आणि रिक्षातून उतरताना आपण उगाच 'चला दादा' म्हणतो ना, तसा सहज तिच्या पाठीवर हात ठेवला. खोगीर संपतं तिथून चार बोटं मागे. केस घामाने ओले, गरम, आणि त्यावर तांबड्या मातीचा बारीक थर. हात ठेवला मात्र, ती पाठ माझ्या तळव्याखालून खाली गेली. पाणी भरलेल्या पिशवीवर बोट टेकवलं की पिशवी दबते, तशी. मी हात उचलला, पाठ वर आली. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. आणि घोडी आपली समोरच्या चिक्कीच्या दुकानाकडे बघत उभी. ती पाठ जणू दुसऱ्याच कुणाची होती.

मला एकदम पाऊण तासापूर्वीचं आठवलं. मी बसण्याआधी घोडेवाल्या मामांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळला, तेव्हा हीच घोडी मान वळवून त्यांच्या दंडापाशी दात वाजवून गेली होती. मामांनी तिच्या नाकाडावर एक चापट दिली होती, रागाने नव्हे, डास मारावा इतक्या सहज. "चावत नाय ताई ती. खोड हाय तिची. तुम्ही बसा." आणि मी बसले होते. आता पाठीचं विचारलं तर मामा पैसे मोजता मोजता म्हणाले, "ती पन खोडच. लक्ष नका देऊ."

बावीस वर्षं मी माणसांच्या पाठी दाबते आहे. फिजिओथेरपिस्ट आहे. टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर मी अंगठा ठेवते आणि त्याची कंबर अशीच टेबलात शिरू बघते. फरक एवढाच की तो 'आई गं' म्हणतो आणि मी केस पेपरवर लिहिते. पाठ बोटाखालून पळून जाते म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि त्या पाठीवर मी नुकतीच चाळीस मिनिटं बसून आले होते, एको पॉइंटला लेकीचे फोटो काढत, मजेत.

मी तेव्हा ६६ किलोंची होते.

घरी आल्यावर सुट्टीचे कपडे धुऊन झाले, तांबडी माती बुटांतून निघाली, पण तो शब्द काही निघेना. खोड. घोड्यांच्या बाबतीत हा शब्द आपल्याकडे फार जुना आणि फार जोरकस. पूर्वी एकदा एका मैत्रिणीबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. दत्तजयंतीचे दिवस, तापीकाठची थंडी, आणि नजर जाईल तिथवर घोडे. घोडा बघायला आलेली जाणती माणसं काय बघतात, ते मी दिवसभर बघत होते. ओठ वर करून दात बघतात, वय कळतं. चाल बघतात. मग अंगावरचे भोवरे शोधतात. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला की किंमत चढते, आणि एखादा भोवरा भलत्या जागी निघाला की तेवढ्यावरून चांगला घोडा नाकारला जातो. त्याला खोड निघाली म्हणतात. केसांच्या एका वळणासाठी माणसं घोड्याच्या अंगावर बोट न् बोट फिरवत होती. पाठ दाबून बघताना मला कुणी दिसलं नाही. चावतो, लाथ झाडतो, तंग घेत नाही, चढू देत नाही, ह्याही खोडीच. आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तर आपण शाळेतच पाठ करतो. एकदा खोड म्हटलं की विषय संपला. औषध नाही, उपाय नाही, चौकशीसुद्धा नाही.

आमच्या घरीही एकदा विषय असाच संपला होता. वर्धा जिल्ह्यातलं आजोळ, आजोबांची बैलजोडी. त्यातला चांद्या मी सहावी-सातवीत असताना अचानक मारका झाला. जू आणलं की शिंगं रोखायचा. गड्याला एकदा त्याने गोठ्याच्या भिंतीशी दाबून धरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. दिवसभर राबलेल्या बैलांचे खांदे गरम पाण्याने धुवायचे, हळद आणि लोणी पळसाच्या पानाने चोळायचं आणि त्यांच्या कानाशी 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं. हे माझं आवडतं काम. त्या वर्षी चांद्याच्या खांद्याला पान लावलं तर त्याने अशी मान झटकली की मी उकिरड्यात जाऊन पडले. तिथे, जू टेकतं त्या जागी, एक नारळाएवढा टेंगूळ होता, कढत. मी आजोबांना दाखवलाही. खांदेसूज काय असते हे आजोबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? शेकलाही असेल त्यांनी दोन-चार दिवस. पण पेरणी-डवरणीचे दिवस थांबत नाहीत, आणि घरात शब्द आधीच ठरून गेला होता. मारका झाला थो. दिवाळीआधी तो बाजारात गेला. मी रडले, मग विसरले. माथेरानहून आल्यावर रात्री दोन वाजता मला हळद-लोण्याचा वास आला, आणि तळव्याला तो कढतपणा.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये घोड्यांच्या मालिशचं पाच दिवसांचं शिबिर असल्याचं कळलं. मालिश हा शब्द खरं तर चुकीचाच, पण नवऱ्याला सांगताना तोच वापरला. तो म्हणाला, "माणसं संपली का?" फी ऐकल्यावर पुढचं काही म्हणाला नाही, म्हणजे बरंच काही म्हणाला.

आम्ही अकरा जण होतो. दोन पशुवैद्य, काही हौशी स्वार, शर्यतीच्या घोड्यांवर काम करणारी एक मुलगी, आणि त्याच तबेल्यातला एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, ज्याला मालकाने 'तूही बस' म्हणून बसवलं होतं. शिक्षिका परदेशातून आलेली, पन्नाशीची, कमी बोलणारी. पहिला अर्धा दिवस तिने आम्हाला हात लावूच दिला नाही. चेहरा बघा, म्हणाली. घोड्याचा चेहरा बघायचा म्हणजे काय बघायचं? तर कान मागे ताठ वळलेत का, डोळ्याभोवती आवळल्यासारखं दिसतं का, डोळ्यावरचं हाड उठून आलंय का, गालाचा स्नायू दाटलाय का, हनुवटी घट्ट आहे का, नाकपुड्या ताणल्यात का. ह्या सहा गोष्टी २०१४ साली संशोधकांनी खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे घोड्यांचे चेहरे ताडून पक्क्या केल्या आहेत, गुणही देता येतात. आम्ही वह्यांत खुणा करत बसलो. मोतद्दाराला वही नव्हती. तो मागून हळूच म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्याचं पोट बिघडलंय, सकाळपासून." पशुवैद्यांपैकी एकाने जाऊन बघितलं. पोट बिघडलंच होतं.

घोडा दुखणं लपवतो, हे तिथे पहिल्यांदा नीट समजलं. ज्याला खायला कुणीतरी टपलेलं असतं त्याने लंगडून चालणार नाही. मैदानात जो कण्हेल तो आधी मरेल. त्यामुळे घोडा कुत्र्यासारखा केकाटत नाही, गाईसारखा हंबरत नाही. उभा राहतो. दुखणं तो अंगात मुडपून ठेवतो, आणि आपण म्हणतो, गरीब आहे हो घोडा.

शरीरशास्त्राचा तास माझा, असं मी मनात म्हणत होते. तिथेच तोंडावर आपटले. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. आपला हात त्या हाडाने धडाला जोडलेला असतो. घोड्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, फक्त स्नायूंनी. दोन खांद्यांच्या फळ्यांमध्ये सगळी छाती झोळीसारखी टांगलेली. शेतातल्या दोन झाडांना लुगड्याची झोळी बांधून त्यात पोर निजवतात, अगदी तशी. आणि उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन ह्या पुढच्या बाजूवर. शिवाय आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट, त्याखाली स्नायू नाहीतच, नुसत्या दोऱ्या; आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. चार मधल्या बोटांच्या टोकांवर उभं राहून हा प्राणी माथेरानची चढण चढतो. मी वहीत झोळीचं चित्र काढलं आणि त्यावर माणूस बसवला. मग खोडून टाकला.

हात लावायची वेळ आली तेव्हा माझी खरी फजिती सुरू झाली. शिक्षिका शिकवत होती ती पद्धत जिम मास्टर्सन या अमेरिकन माणसाने रूढ केलेली. तिच्यात दाबाची मापं आहेत, आणि ती स्वयंपाकघरातली आहेत: हवेइतका, अंड्याच्या बलकाइतका, द्राक्षाइतका, नरम लिंबाइतका, कडक लिंबाइतका. बहुतेक काम पहिल्या दोनांत. मी कोपराने पाठी मोकळ्या करणारी बाई. माझ्याकडे पेशंट येतात तेच 'जरा जोरात द्या' म्हणत. बलक म्हणजे किती, हे कळेना म्हणून त्या रात्री घरी ताटलीत अंडी फोडून बोट टेकवत बसले. बलक दबला पाहिजे, फुटता कामा नये. तीन फुटले. चौथा दबला आणि त्या पातळ पापुद्र्याखालचं हलणारं बोटाला जाणवलं. लेक म्हणाली, "आई, तू नापास होणार." सकाळी सगळ्यांना भुर्जी.

माझ्या वाट्याला शर्यतीतून निवृत्त झालेला एक पांढुरका घोडा आला. उंच, हाडं दिसणारा, मान लाकडासारखी. कानाच्या मागून सुरुवात करायची, तळहात केसांना जेमतेम लागेल असा ठेवायचा आणि मानेच्या वरच्या कडेच्या जरा खालून, पाठीच्या कण्याला धरून, पुठ्ठ्यावरून पार मागच्या खुरापर्यंत एका रेषेत न्यायचा. इतका सावकाश, की मान संपायलाच मिनिट लागावं. बघायचं हाताकडे नाही, डोळ्याकडे. कुठेतरी तो पापणी लववतो. तिथे थांबायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं थांबायचं. माझा हात तिसऱ्या मणक्यापाशी आला आणि पापणी लवली. मी थांबले. आणि थांबल्याबरोबर बावीस वर्षांची सवय अंगठ्यात उतरली, थोडं दाबलंच. मान माझ्याविरुद्ध घट्ट झाली. शिक्षिका आली, माझ्या हाताखाली स्वतःचा हात घालून तिने माझा हात कागदाच्या जाडीइतका वर उचलला. बस. पुन्हा उभी राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. खांदा भरून आला. नाकाजवळ माशी. घोडा ढिम्म. पत्र्यावर कावळे नाचत होते त्यांचा आवाज, शेजारी पाण्याच्या पिंपात थेंब पडत होता त्याचा आवाज. चारेक मिनिटांनी खालचा ओठ किंचित लोंबला. मला वाटलं भास. आणखी राहवेना, हात झाडायला म्हणून मी दोन पावलं मागे झाले, आणि त्या घोड्याने जांभई दिली. साधीसुधी नव्हे. जबडा आडवा फिरवत, डोळे पांढरे करत, गुलाबी हिरड्या आणि पिवळे लांब दात दाखवत, एकामागून एक तीन. भिजल्या गवताचा आणि चंदीचा आंबूस वास माझ्या तोंडावर आला. मग त्याने ओलं कुत्रं झटकतं तसं अंग झटकलं आणि मान गुडघ्यापर्यंत खाली सोडून उभा राहिला.

"तू मागे झालीस म्हणून," शिक्षिका म्हणाली.

म्हणजे मी जवळ होते तोवर तो सावरून उभा होता. माझ्या मदतीपासूनसुद्धा.

ह्या जांभईने मी अर्थातच चढले. पुढचा दिवसभर मला सगळीकडे जांभयाच दिसत होत्या. पण घोडा जांभई देतो म्हणजे त्याला बरं वाटलं, हे गणित इतकं सोपं नाही. ताण ओसरतानाही देतो, पोट दुखतं तेव्हाही देतो. चौथ्या दिवशी ह्याचा धडाच मिळाला. एक घोडी चालताना डोकं वर-खाली करत होती, मान एका बाजूला दगड झालेली. मी बाह्या सरसावून पुढे. शिक्षिकेने मला अडवलं. लंगडणाऱ्या घोड्याला आधी पशुवैद्य, मग नालबंद, आपण शेवटी. ताप असेल, ताजी जखम असेल, पोटात कळ असेल, घोडा जमिनीवर लोळत कुशीकडे वळून बघत असेल, तर हात खिशात. दुपारी नालबंदाने नाल काढला, खुराच्या तळाला चिमटा लावून बघितला आणि एका ठिकाणी ती उसळली. खरवडल्यावर काळा पू आला, त्याचा वास मी विसरणार नाही. दुखणं खुरात, ते वाचवण्यासाठी मान ताठ, आणि मी तासभर मान धरून बसले असते, वर एखादी जांभई मिळवून खूशही झाले असते. दवाखान्यात मी असं किती जणांच्या बाबतीत केलं असेल, हे मोजायचा प्रयत्न केला नाही.

जानेवारीत, मधल्या वारी, एकटीच माथेरानला गेले. दस्तुरीला, गाड्या थांबतात त्या नाक्यावर, उतरून पिंकी कुठे आहे असं विचारलं. हो, नाव पिंकी. त्या दिवशी तिथे तीन पिंक्या निघाल्या. तिसरी माझी. लालसर तपकिरी, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका, डाव्या कानाला चिरा. मामांनी मला ओळखलं नाही, आणि मी गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर तर त्यांना मला ओळखायचंही नव्हतं. पाठीचं सांगितलं तर ते हसले. पण मधला वार, गिऱ्हाईक नाही, मी चहा सांगितला, बसलो. मामांची बाजू अशी: आधी मातीचा रस्ता होता तो बरा होता, आता हे ब्लॉक बसवलेत त्यावर पावसात नाल सरकतो, घोडं घाबरून चालतं. वर ई-रिक्षा आली. पर्यटक विचारतो, रिक्षाने इतके तर घोड्याचे एवढे का. "पाठीवर मारा म्हनावं ताई, पोटावर नका मारू." त्यांनी हे सरकारला उद्देशून म्हटलं. पिंकी मागेच उभी होती.

मी पर्समधून शिंप्याची टेप काढली. छातीचा घेर १५२ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. किलोत वजनाचा बरा अंदाज येतो. आले २९२. खोगिरासकट माणूस घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावा, असा ढोबळ दंडक आहे. ओहायोत २००८ साली आठ घोड्यांवर १५ पासून ३० टक्क्यांपर्यंत वजन चढवून बघितलं, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना नाडी जास्त पळाली आणि नंतर स्नायूही जास्त दुखरे निघाले. पिंकीचा पाचवा हिस्सा म्हणजे ५८ किलो. त्यात खोगीर धरलेलं. मी मामांना आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अठ्ठावन्न किलोचा मानूस येतो कुठं आता?" वारीतल्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मला तो उघडा, मोकळा पळणारा घोडा आठवला, आणि माथेरानची माती अंगभर घेऊन उभी असलेली ही. बोलले नाही. मामांना वारीची गोष्ट सांगणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं माहात्म्य सांगण्यासारखं झालं असतं.

खोगीर उतरवायला लावलं. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या. शेवटची फासळी बोटाने चाचपत वर गेलं की खोगीर कुठे संपायला हवं ते कळतं, कारण त्याच्या मागे कमरेला फासळ्यांचा आधार नाही. पिंकीचं खोगीर त्याच्याही वीतभर मागे जात होतं. पर्यटकाला ऐसपैस वाटावं म्हणून. उलटं करून बघितलं, तर आत गोणपाट आणि जुन्या गादीचा फोम, घामाने वाळून पापडासारखा झालेला, आणि उजवीकडे एक गोळा, अक्रोडाएवढा, कडक. तो बरोबर तिथे बसत होता जिथे माझ्या हाताखालून पाठ पळाली होती. मी तो मामांच्या तळहातावर ठेवला. आपण निरुपयोगी माणसांच्या भरण्याला खोगीरभरती म्हणतो. म्हणजे खोगिरात काय भरलंय याला किंमत नाही, हे भाषेने गृहीतच धरलेलं. घोड्याला विचारायचं कुणाला सुचलं नसावं.

दोन तास गेले त्यात. मामांच्या घरून दाभण, सुतळी आणि एक जुनी घोंगडी आली. घोंगडीच्या घड्या घालून दोन्ही बाजूंना सारखी भरती, मध्ये कण्यावर चार बोटं पन्हळ मोकळी. शिवण मामांनीच मारली. माझ्या हातात दाभण बघून त्यांना भीती वाटली. त्यांचा मुलगा मोबाईलवर काहीतरी बघत बसला होता, तो मध्येच म्हणाला, "हे आधी का नाय केलं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

आणि माझी विद्या? पिंकीने पहिल्या दिवशी मला काहीही दिलं नाही. जांभई नाही, जिभल्या नाहीत, ओठ लोंबणं नाही. पापणी लवायची, मी थांबायची, आणि तिथेच सगळं थांबायचं. अर्ध्या तासाने मामा म्हणाले, "ताई, तुम्ही काय करता? काहीच तर करत नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, एकदाच, तिने जीभ फिरवली आणि श्वास सोडला, नाकातून आलेली वाफ थंडीत दिसली म्हणून मला कळलं. मग मामा उठले. "हिला हितं आवडतं," म्हणत त्यांनी आयाळ संपते त्या उंचवट्यावर आपली जाड नखं घालून खाजवायला सुरुवात केली. पिंकीचा वरचा ओठ लांब होऊन हवेत वळवळायला लागला, मान पुढे, डोळे अर्धे मिटलेले. फ्रान्समधल्या कामार्ग भागातल्या घोड्यांवर १९९३ साली अभ्यास झालाय: घोडे एकमेकांना नेमकं तिथेच दाताने खाजवतात, आणि तिथे खाजवलं की नाडी खाली येते. मामांना कामार्गशी काही घेणं नव्हतं. त्यांना जागा माहीत होती. बहुधा रोज रात्री खरारा करताना तिथे हात जात असणार. मी इतके पैसे भरून शिकून आले होते आणि मला जरासा मत्सर वाटला. मग त्यांना मी पाठीवर हात ठेवायला शिकवलं, बलकाइतका. "अंडं फुटलं," मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचा तो खरबरीत पंजा असा उतरला की मी गप्प बसले.

निघायची वेळ झाली तेव्हा शनिवार लागला होता. दस्तुरीला गाड्यांची रांग. माझ्या पाठीवर सॅक, मी मामांचा निरोप घेत होते, तेवढ्यात एक कुटुंब उतरलं. बायको, दोन मुलं, आणि एक गृहस्थ. हसरा, दिलदार, काही नाही तरी नव्वद किलोंचा. मुलांना पोनी, त्यांना घोडा हवा. घासाघीस न करता ते म्हणाले, हा चालेल, आणि पिंकीच्या मानेवर थोपटलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? मी त्या दिवसाचे पैसे देऊ शकले असते, त्या दिवसाचे. त्यांनी शेजारच्या घोडेवाल्याला हाक मारली, तुझा मोठा मोकळा आहे का. नव्हता. मामांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि खोगीर उचललं.

दोन बोटं पुढे ठेवलं. घोंगडीची काळी कड बाहेर डोकावत होती ती आत सारली. तंग आधी दोन भोकं आवळला, तिला दहा पावलं चालवून आणलं, मग तिसरं. पिंकीने ह्या वेळी दात वाजवले नाहीत. गृहस्थ वर बसले तेव्हा ती एक पाऊल बाजूला सरली आणि सावरली. मग मामा दोरी धरून पुढे, ती मागे, ब्लॉकवर नालांचा आवाज करत चढाला लागली.

कान मागेच होते.